डेबियन १३: किमान स्थापनेपासून मराठी लेखनाच्या संगणकापर्यंत (प्रकल्प नोंदी)

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

मामांचा जुना लॅपटॉप नव्याने उभा करायला आज घेतला. यंत्रात ४ जीबी रॅम आहे, प्रोसेसर ६४ बिटांचा आहे, आणि मूळची फिरती डिस्क काढून तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवलेली आहे. त्यावर व्हायचे काम मोजके आहे: मराठीत लिहिणे, जुन्या छापील पानांच्या स्कॅनमधून मजकूर काढणे, ईमेल आणि वेब. यापलीकडचे काहीही मामांनी मागितलेले नाही, आणि मागितलेले नसेल ते बसवायचे नाही, एवढी एकच अट मी या कामाला घातली आहे. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजसमोर (म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यासमोर) ते का बसवले याचे निदान एक वाक्य या नोंदीत लिहिता आले पाहिजे. लिहिता आले नाही, तर ते पॅकेज काढायचे.

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या कोणत्या वितरणावर (म्हणजे तयार संचावर) हे करायचे याचा विचार आधी केला. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचमध्ये सारे काही स्रोतापासून स्वतः संकलित करावे लागते, आणि शिकण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. पण तिथे सुरक्षा-दुरुस्त्यांची जबाबदारीही पूर्णपणे बांधणाऱ्यावर येते, आणि दुसऱ्याच्या रोजच्या वापरातले यंत्र त्या भरवशावर सोडणे मला योग्य वाटत नाही. आर्च लिनक्सची स्थापना मुळातच किमान असते आणि तिचे दस्तऐवजीकरण उत्तम आहे, मात्र त्याच्या सतत सरकत्या आवृत्तीमुळे दर काही दिवसांनी अद्ययावत करण्याची शिस्त लागते, आणि ती शिस्त मामांकडून अपेक्षिणे बरोबर नाही. डेबियनची १३ वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली आहे; तिला तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळणार आहे. तेव्हा डेबियनच घ्यायचे, परंतु नेहमीचा इन्स्टॉलर वापरायचा नाही, कारण तो सुरुवातीलाच बरेच निर्णय आपल्या वतीने घेऊन टाकतो. डेबूटस्ट्रॅप या साधनाने अगदी छोटा पाया घालायचा आणि पुढचे हाताने रचत जायचे, असे ठरले.

डेबियनची डेस्कटॉपविरहित लाइव्ह प्रतिमा (डिस्कवर न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली) उतरवून घेतली, तिची एसएचए-५१२ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा आकडा) आणि त्या बेरजांच्या फाइलवरील स्वाक्षरी पडताळली, आणि पेन ड्राइव्हवर लिहून ठेवली.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

लाइव्ह प्रणाली सुरू करून डिस्कवर जीपीटी पद्धतीची तीन पार्टिशने केली: यूईएफआयसाठी (यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरसाठी) १ जीबीचे फॅट-३२ पार्टिशन, मूळ प्रणालीसाठी ४० जीबी एक्स्ट-४, आणि उरलेले सर्व होमसाठी. यूईएफआयचे पार्टिशन अनेक जण ५१२ एमबीचे करतात; येथे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आणि त्याची इनिटरॅमएफएस प्रतिमा (सुरू होताना लागणारी छोटी फाइलप्रणाली) त्याच पार्टिशनवर राहणार असल्याने मोठे घेतले. स्वॅपसाठी (रॅम भरल्यावर लागणाऱ्या जागेसाठी) पार्टिशन ठेवलेले नाही, त्याची सोय पुढे झेडरॅमने, म्हणजे रॅममध्येच संकोचन करून, करायची आहे.

त्यानंतर डेबूटस्ट्रॅप मिनबेस प्रकाराने चालवले. हे साधन पॅकेजे उतरवते, त्यांच्या स्वाक्षऱ्या डेबियनच्या कीरिंगवरून तपासते, आधी ती नुसती उलगडून ठेवते आणि दुसऱ्या टप्प्यात नव्या मुळाच्या (रूट फोल्डरच्या) आत जाऊन एकेकाची रचना पूर्ण करते. मिनबेसमध्ये अत्यावश्यक म्हणून चिन्हांकित पॅकेजे, त्यांना लागणारी पॅकेजे आणि ॲप्ट हे पॅकेजे बसवणारे साधन एवढेच येते. सारे मिळून शंभरापेक्षा कमी पॅकेजे आणि ३०० एमबीच्या आतबाहेर जागा. यात काय नाही ते पाहणे अधिक उद्बोधक आहे: कर्नल नाही, तो सुरू करणारा बूटलोडर नाही, सेवा चालवणारे सिस्टमडी नाही, उपकरणे ओळखणारे यूडेव्ह नाही, नेटवर्कची आयपी ही आज्ञा नाही, मजकूर वाचण्याचे लेस नाही, एकही संपादक नाही. म्हणजे हे अजून सुरू होऊ शकणारे यंत्र नसून ॲप्ट चालू शकेल असे एक फोल्डर आहे.

फाइलप्रणालींची एफएसटॅब फाइल तयार करण्यासाठी आणि नव्या मुळात शिरण्यासाठी आर्चच्या स्थापनेची साधने वापरली; ती डेबियनमध्ये आर्च-इन्स्टॉल-स्क्रिप्ट्स या नावाने मिळतात. डेव्ह, प्रॉक, सिस आणि यूईएफआयची चलराशी असलेली फाइलप्रणाली हे सारे एका आज्ञेत जोडले जाते, हा त्यांचा मोठा फायदा. डेबियनची साधने डेबियनवर आणि आर्चची आर्चवर, असला सोवळेपणा पाळण्याचे मला काही कारण दिसत नाही.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट केली ती ॲप्टच्या सेटिंगमध्ये शिफारस केलेली पॅकेजे आपोआप न बसवण्याची. डेबियनमध्ये एका पॅकेजचा दुसऱ्याशी असलेला संबंध मुख्यतः तीन पायऱ्यांचा असतो: ज्यावाचून चालणारच नाही ते अवलंबन, बहुतेक सर्वांना लागेल ती शिफारस, आणि कुणाला हवे असेल तर ती सुचवणी. नेहमीच्या स्थापनेत शिफारशीही बसतात. त्या बंद केल्यावर प्रणाली एकदम सडपातळ होते खरी, पण शिफारस ही निरर्थक नसते. पॅकेज सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाने ती विचारपूर्वक लिहिलेली असते. म्हणून नियम असा केला की शिफारशी बंद ठेवायच्या, पण प्रत्येक पॅकेज बसवताना त्याची शिफारशींची यादी वाचायची आणि त्यातले हवे ते नाव घेऊन मागायचे. आळस करणाऱ्याने शिफारशी बंद करू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

डेबूटस्ट्रॅपने ठेवलेली स्रोतांची यादी फक्त मुख्य विभागाची असते. ती काढून नव्या पद्धतीची डेबियन.सोर्सेस ही फाइल लिहिली आणि तीत ट्रिक्सी, तिच्या अद्ययावत पॅकेजांचा संच आणि सुरक्षेचा संच असे तिन्ही घेतले. विभाग दोन: मुख्य आणि नॉन-फ्री-फर्मवेअर. हा दुसरा विभाग १२ व्या आवृत्तीपासून स्वतंत्र झाला आहे. वायफायच्या चिपला लागणारे बंद फर्मवेअर हवे असले तरी त्यासाठी संपूर्ण नॉन-फ्री विभाग उघडावा लागत नाही, ही सोय उत्तम आहे.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आजचा विषय कर्नल आणि बूटलोडर हा होता, आणि या साऱ्या उभारणीत क्रमाला सर्वाधिक महत्त्व इथेच आहे. ग्रब या नेहमीच्या बूटलोडरऐवजी सिस्टमडी-बूट घेतले. यंत्रावर एकच कार्यप्रणाली राहणार आहे, मूळ पार्टिशन साधे एक्स्ट-४ आहे, आणि सिस्टमडी-बूटची नोंद म्हणजे पाच-सहा ओळींची साधी मजकूर-फाइल असते, जी कधीही उघडून वाचता येते. यंत्राच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट बंद ठेवले आहे.

नवा कर्नल बसला की कर्नल-इन्स्टॉल हे साधन त्याची प्रत यूईएफआय पार्टिशनवर ठेवते आणि बूटलोडरसाठी नोंद लिहिते. त्या नोंदीत कर्नलला द्यायची आज्ञाओळ कुठून येते, हा कळीचा मुद्दा आहे. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरामधील कर्नल फोल्डरात सीएमडीलाइन नावाची फाइल असेल तर ती वाचली जाते. ती नसेल तर शेवटी चालू कर्नलची आज्ञाओळ प्रॉकमधून उचलली जाते. आपण लाइव्ह प्रणालीच्या पोटातून हे करत असताना चालू कर्नल हा लाइव्ह प्रणालीचा असतो, त्यामुळे ती फाइल लिहिलेली नसल्यास नव्या यंत्राच्या नोंदीत बूट=लाइव्ह ही ओळ जाऊन बसते, आणि डिस्कवरची प्रणाली सुरू होताना नसलेला पेन ड्राइव्ह शोधू लागते. सारे काही बिनचूक बसल्यासारखे दिसते आणि पुन्हा सुरू केल्यावरच गोंधळ कळतो. म्हणून क्रम असा ठेवला: आधी यूईएफआयचे पार्टिशन जोडणे, मग यंत्राची ओळखसंख्या तयार करणे, मग मूळ पार्टिशनचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) घालून सीएमडीलाइन फाइल लिहिणे, त्यानंतर सिस्टमडी-बूट, आणि सर्वांत शेवटी कर्नल. लिहिली गेलेली नोंद उघडून तीत माझाच यूयूआयडी आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच पुढे गेलो.

काही जुन्या यंत्रांचे फर्मवेअर आपण लिहिलेल्या बूट नोंदी धड लक्षात ठेवत नाही. सिस्टमडी-बूट बसवणारे बूटसीटीएल बूटलोडरची एक प्रत यूईएफआयच्या ठरावीक पर्यायी जागीही ठेवत असल्याने अशा यंत्रावरही काम चालते.

ट्रिक्सीचा कर्नल ६.१२ या दीर्घ आधाराच्या मालिकेतला आहे. त्याच्या शिफारशींत ॲपआर्मर (कार्यक्रमांना मर्यादेत ठेवणारी सुरक्षा-यंत्रणा) दिसले. ते नाव घेऊन बसवले, कारण ब्राउझर आणि कागदपत्रे उघडणाऱ्या यंत्रावर ते नसणे ही काटकसर ठरत नाही. इनिटरॅमएफएस केवळ याच यंत्राला लागणाऱ्या मॉड्यूलांची बनवली तर लहान होते, पण मी ती मुद्दाम सर्वसमावेशक ठेवली: उद्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि ही एसएसडी दुसऱ्या यंत्रात घातली, तर ती तिथे सुरू झाली पाहिजे. किमान म्हणजे प्रत्येक आकडा कमी करणे असे मी मानत नाही.

आज बसवलेल्या इतर पॅकेजांची कारणे थोडक्यात. सिस्टमडी-सिसव्ही: इनिट म्हणून (सर्वांत आधी सुरू होऊन बाकीचे सुरू करणारा कार्यक्रम). यूडेव्ह: उपकरणे ओळखण्यासाठी. लोकेल्स (भाषा आणि प्रदेशाची सेटिंगे): मराठीसाठी. नॅनो: मामांना फोनवरून एखादी फाइल दुरुस्त करायला सांगावी लागली तर व्हीआय या संपादकाच्या अवस्था समजावत बसणे शक्य नाही. लेस आणि मॅन-डीबी: यंत्रावर दस्तऐवज वाचता यावेत म्हणून. वेळक्षेत्र आशिया/कोलकाता, कलकत्ता हे जुने नाव आता टीझेडडेटा-लेगसी या वेगळ्या पॅकेजात गेले आहे, त्यामुळे जुन्या सेटिंग-फाइली जशाच्या तशा आणणाऱ्यांनी एवढे पाहून घ्यावे.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

यंत्र स्वतःच्या डिस्कवरून सुरू झाले. काळ्या पडद्यावर लॉगिन, आणि मेमरीचा वापर दीडशे एमबीच्या आसपास.

आज एक गोष्ट जाणूनबुजून उशिरा बसवली, ती म्हणजे लॉगिनचे सत्र नोंदवणारी लिबपॅम-सिस्टमडी. सिस्टमडी-सिसव्ही तिची केवळ शिफारस करते, तिच्यावर अवलंबून नसते, म्हणून शिफारशी बंद असताना ती येत नाही. तिच्यावाचून लॉगिन होते, आज्ञा चालतात, काही अडलेले वाटत नाही. पण लॉगिनसीटीएलला सत्रांची यादी विचारली तर ती रिकामी येते, रनखालील वापरकर्त्याचे तात्पुरते फोल्डर तयार झालेले नसते, आणि एक्सडीजी-रनटाइम-डीआयआर हे चल रिकामे असते. सामान्य वापरकर्त्याच्या नावाने वेलँडचे (खिडक्यांच्या ग्राफिकल पद्धतीचे) सत्र सुरू करायचे म्हटले की ते याच जागी अडते. तिथे जो संदेश दिसतो त्यात लिबपॅमचा उल्लेखही नसतो, त्यामुळे शोधणारा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमागे लागतो. ती आणि डी-बस (कार्यक्रमांमधली निरोप-यंत्रणा) बसवून पुन्हा लॉगिन केले, आणि तीच यादी भरून आली: सत्र एक, आसन सीट-शून्य, टीटीवाय-एक. शिफारस म्हणजे नेमके काय, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

वायफायसाठी आयडब्ल्यूडी घेतले. एकाच सेवेत जोडणी आणि पत्ता मिळवणे दोन्ही होते, त्यासाठी तिच्या मुख्य फाइलमध्ये नेटवर्कची रचना स्वतः करण्याची परवानगी द्यावी लागते. त्याच फाइलमध्ये देश म्हणून भारताचा संकेत घातला. नावे शोधायला सिस्टमडी-रिझॉल्व्हडी, घड्याळासाठी सिस्टमडी-टाइमसिंकडी. नेटवर्कमॅनेजर नाकारले असे नाही, पण हे यंत्र घराबाहेर फारसे जाणार नाही आणि घरातला वायफाय एकच आहे. वायफाय चिपचे फर्मवेअर-पॅकेज आणि प्रत्येक देशाचे रेडिओ-नियम असलेले वायरलेस-रेगडीबी ही दोन नावे विसरता कामा नयेत. झेडरॅम जनरेटरमध्ये निम्मी रॅम आणि झेडएसटीडी संकोचन ठेवले. फायरवॉल म्हणून एनएफटेबल्सचे छोटे नियमपत्रक: बाहेर जाणारे सर्व मोकळे, आत येणारे फक्त उत्तरादाखल.

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

ग्राफिकल सत्र. फरशांसारख्या खिडक्या मांडणारे स्वे मला स्वतःला आवडते, पण हे यंत्र माझे नाही. मामांना खिडकी ओढता आली पाहिजे, ती मिटवायला कोपऱ्यात फुली दिसली पाहिजे. म्हणून लॅबडब्ल्यूसी हे ओपनबॉक्सच्या धर्तीचे वेलँड संयोजक (खिडक्या पडद्यावर मांडणारा कार्यक्रम) बसवले, जोडीला फूट हे टर्मिनल. लॉगिन व्यवस्थापक बसवलेला नाही. पहिल्या कन्सोलवर लॉगिन झाले की वापरकर्त्याच्या प्रोफाइल फाइलमधील एक ओळ लॅबडब्ल्यूसी सुरू करते.

पहिल्याच सुरुवातीला मराठीच्या जागी चौकोन दिसले, आणि ते अपेक्षितच होते. फॉन्टकॉन्फिगबरोबर आलेल्या डेजावू फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लोहित देवनागरी बसवला आणि चौकोन गेले. हा फॉन्ट निवडण्याचे कारण असे की एकाच फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे आहेत, आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप उमटतो. भाषेची नोंद हिंदी असेल तर त्याच संकेतांकांचे दुसरे वळण दिसते. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी निर्णय काढला असला तरी, पडद्यावर कोणता ल दिसणार हे शेवटी अशा एका छोट्या भाषा-नोंदीवर ठरते, आणि बहुतेकांच्या यंत्रावर ती नोंद कुणी केलेलीच नसते. त्याशिवाय मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे दोन्ही मुक्त परवान्याचे फॉन्ट होममधील फॉन्टच्या फोल्डरात ठेवले, म्हणजे छपाईसाठी निवड राहील.

लोकेलचा निर्णय दोन ठिकाणी वेगळा केला आहे. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या बसतात, आणि जोडाक्षरे घडवण्याची यंत्रणा तिथे नाहीच. प्रणालीची भाषाच मराठी केली, तर कन्सोलवरचे संदेश नेमक्या अडचणीच्या वेळी वाचता येणार नाहीत. म्हणून संपूर्ण प्रणालीसाठी सी.यूटीएफ-८ ठेवले आणि मराठी-भारत हे लोकेल केवळ लॅबडब्ल्यूसीच्या परिसर-फाइलमध्ये दिले. टर्मिनलमध्येही देवनागरीकडून फार अपेक्षा ठेवलेली नाही: टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची घरे मोजून देते, आणि जोडाक्षर त्या हिशेबात नीट बसत नाही. मामांना टर्मिनल लागणार नाही, त्यामुळे हा प्रश्न मी तिथेच सोडला.

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

भाऊबीज काल झाली, मामा घरीच आहेत, त्यामुळे कळफलकाचे काम त्यांना शेजारी बसवूनच केले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कार्यालयात त्यांना इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकवली होती आणि ती त्यांच्या बोटांत बसलेली आहे, म्हणून प्रश्न सोपा झाला. एक्सकेबी या कळफलक-यंत्रणेमध्ये भारताच्या मांडणीखाली मराठीचे दोन प्रकार आहेत, सुधारित इनस्क्रिप्ट आणि कगप ध्वन्यात्मक. दोन्ही थेट कळफलकाच्या पातळीवर चालतात, त्यांना पार्श्वभूमीत कोणतीही सेवा लागत नाही. ज्यांना रोमन अक्षरांतून लिहायचे आहे, किंवा टंकलेखनयंत्राची रेमिंग्टन मांडणी हवी आहे, त्यांना एफसीआयटीएक्स-५ आणि एम१७एन हा लेखन-पद्धतींचा संच बसवावा लागेल; त्यात गमभन ही रोमन पद्धतही आहे. इथे त्याची गरज पडली नाही आणि चार पॅकेजे वाचली.

भाषा बदलण्यासाठी कॅप्सलॉकची कळ नेमली, आणि त्याच कळीचा दिवा मराठी चालू असताना पेटावा असा पर्याय दिला. एक्सकेबीमध्ये हे दोन्ही पर्याय तयारच आहेत, परिसर-फाइलमध्ये एक ओळ पुरते. पट्टीवर चिन्ह दाखवणारा कोणताही कार्यक्रम मग लागत नाही. दिवा लागला म्हणजे मराठी, विझला म्हणजे इंग्रजी.

मामांनी पहिले वाक्य लिहिले त्यात ‘दुसऱ्या’ होते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबले की नुक्त्याचा ऱ येतो, डीवर हलन्त, तिरप्या रेघेच्या कळीवर य आणि ईवर काना. संपादकात ऱ, मग ऱ्, मग ऱ्य अशी एकेक पायरी उमटत गेली आणि हलन्तानंतर य पडताच रफाराऐवजी आडवी डोळ्याच्या पापणीसारखी रेघ तयार झाली. हे रूप घडवण्याचे काम हार्फबझ या अक्षर-जुळणीच्या साधनाचे. वेगळे काही बसवावे लागले नाही.

“अरे, जुन्या संगणकावर हे अक्षर मला दर वेळी दुसरीकडून चिकटवावं लागायचं,” मामा म्हणाले.

“आता तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या, सगळं लिहून बघा मामा.”

त्यांनी लिहिले, आणि मग ‘ॲ’ कुठे आहे ते विचारले. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, त्यामुळे जुन्या मांडणीत त्याला स्वतःची कळ नव्हती आणि लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना वेगळे. सुधारित मांडणीत ते आहे. त्याची कळ कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवली.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

उपयोजने. लिबरऑफिसचे फक्त रायटर घेतले, त्याचा मराठी भाषासंच आणि जीटीके-३ या खिडक्या रेखाटणाऱ्या संचाचा जोड. हा जोड नसल्यास रायटर जुन्या एक्स-११ या ग्राफिक्स-पद्धतीच्या सामान्य रूपात उघडू पाहतो, आणि माझ्याकडे एक्स-११ चे कार्यक्रम वेलँडवर चालवणारे एक्सवेलँडही नसल्याने उघडलाच नसता. एका छोट्या पॅकेजाने दुसरे मोठे पॅकेज टळले. रायटरमध्ये देवनागरी ही जटिल लिपी म्हणून वेगळी हाताळली जाते: तिचा फॉन्ट, आकार आणि भाषा पाश्चात्त्य मजकुरापासून स्वतंत्रपणे नेमावी लागते. तिथली मूळ भाषा मराठी केली, आणि १९ तारखेच्या नोंदीत लिहिलेला मराठी वळणाचा ल कागदपत्रातही उमटला.

फायरफॉक्सची दीर्घ आधाराची आवृत्ती आणि तिचा मराठी संच बसवला. आवाजासाठी पाइपवायर आणि वायरप्लंबर. शब्दतपासणीसाठी ॲस्पेलचा मराठी शब्दसंच ठेवला आहे. त्यावर विसंबून राहण्यासारखा तो नाही, विभक्तिप्रत्यय लागलेल्या शब्दांना तो सारखा लाल रेघ मारतो.

स्कॅनमधून मजकूर काढायला टेसरॅक्ट आणि त्याचा मराठी संच. मूळचे एचपीचे हे साधन २००५ साली मुक्त झाले. स्वच्छ छापलेल्या पानावर निकाल वापरण्याजोगा आला. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार आणि रफार गळतात, व आणि ब यांची अदलाबदल होते; पान ३०० डीपीआयला, सरळ आणि करड्या छटेत स्कॅन केल्यास बराच फरक पडतो. मामांच्या पानांवर संस्कृत अवतरणे येतात, म्हणून संस्कृतचा संच जोडीला देऊन पाहिला, पण त्याने मराठी शब्दांतही विसर्ग पेरायला सुरुवात केली. तो काढला.

दुपारनंतरचा वेळ मला या प्रकल्पात सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामाला दिला. आतापर्यंतची कारणे या नोंदीत होती, यंत्रावर नव्हती. इक्विव्हज हे साधन वापरून लेखन-संच नावाचे स्वतःचे रिकामे पॅकेज बनवले. त्यात एकही कार्यक्रम नाही. फक्त अवलंबनांची यादी आहे, आणि नियंत्रण-फाइलमध्ये प्रत्येक नावाच्या वर त्याचे कारण टिपणी म्हणून लिहिलेले आहे. ते बसवल्यावर बाकीची सर्व पॅकेजे ‘आपोआप आलेली’ म्हणून चिन्हांकित केली. आता हाताने बसवलेली म्हणून यादीत एकच नाव दिसते.

यानंतर ऑटोरिमूव्हची (कुणालाच न लागणारी पॅकेजे काढणाऱ्या आज्ञेची) रंगीत तालीम घेतली. इथे एक बारकावा आहे: एखादे पॅकेज आपोआप आलेले असले तरी बसलेल्या दुसऱ्या कुणी त्याची शिफारस केली असेल, तर ॲप्ट ते अनाथ मानत नाही, भले आपण शिफारशी बसवणे बंद केलेले असो. खरे अनाथ पाहायचे, तर शिफारशींना महत्त्व देणारे ते सेटिंगही त्या तालमीपुरते बंद करावे लागते. तसे केल्यावर जी नावे आली त्यांत ॲपआर्मर आणि लिबपॅम-सिस्टमडी ही दोन्ही होती, म्हणजे त्यांची कारणे माझ्या फाइलमध्ये उतरली नव्हती. ती लिहिली, पॅकेज पुन्हा बांधले, आणि तालीम पुन्हा घेतली. उरलेल्या नावांत मॅन-डीबीही होते, ते ठेवायचे म्हणून लिहिले. 

ईटीसी फोल्डर एटसीकीपरच्या हवाली केले आहे, त्यामुळे प्रत्येक ॲप्ट-व्यवहाराआधी आणि नंतर तिथल्या बदलांची नोंद गिट या आवृत्ती-नोंदीच्या साधनात राहते. एटसीकीपर अर्थातच लेखन-संचात आहे, कारणासह.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

डेबियन १३.२ हे दुरुस्ती-प्रकाशन काल आले. नव्या कर्नलसह सारे अद्ययावत केले, आणि ११ ऑक्टोबरला ठरवलेला क्रम खऱ्या अर्थाने तपासायची ही पहिली संधी होती, कारण या वेळी मी लाइव्ह प्रणालीत नव्हतो आणि हाताने काहीही केले नाही. कर्नल बसला, इनिटरॅमएफएस बनली, यूईएफआय पार्टिशनवर दुसरी नोंद लिहिली गेली. दोन्ही नोंदी उघडून शेजारी ठेवल्या: आवृत्तीचा आकडा आणि फाइलींचे मार्ग वेगळे, आज्ञाओळ अक्षरशः एकच. पुन्हा सुरू केल्यावर नवा कर्नल आपोआप निवडला गेला. जुना बूटलोडरच्या यादीत खाली आहे; सध्या चालू असलेला आणि सर्वांत नवे दोन असे कर्नल ॲप्ट राखून ठेवते, त्यामुळे आणखी नवा कर्नल येईपर्यंत जुना ऑटोरिमूव्हमध्ये जाणार नाही. दोन्ही मिळून त्या १ जीबीतली निम्मीही जागा गेलेली नाही.

मामांना दर रविवारी चालवायला एकच आज्ञा दिली आहे, अद्ययावत करण्याची. सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसवणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज लावावे की नाही यावर दोन आठवडे विचार चालू होता. मामा दर रविवारी यंत्र उघडतीलच याची खात्री नाही, आणि ब्राउझर असलेले यंत्र महिनाभर जुने राहणे मला पटत नाही. आज ते लेखन-संचात घातले, केवळ सुरक्षेच्या संचापुरते, आणि त्याच्या वरच्या टिपणीत हेच कारण लिहिले.

राहिलेले काम: मामांचा स्कॅनर नेटवर्कवरून ड्रायव्हरविना बोलतो असे त्याच्या पत्रकात लिहिलेले आहे, तसे असेल तर सेन-एअरस्कॅन हे एकच पॅकेज पुरावे. स्कॅनर पुढच्या आठवड्यात हाती येईल, तोवर फायरवॉलच्या नियमपत्रकात स्थानिक शोधासाठी एमडीएनएसचे दार उघडणारी ओळ लिहून, टिपणीच्या रूपात बंद करून ठेवली आहे.